बाटलीतलं पाणी

आज चावडीवर प्रदूषण नियंत्रणवाले साहेब आले होते, कारखान्याच्या डिस्टिलरीबद्दल बोलायला. म्हणाले, मळीपासून लिटरभर इथेनॉल काढलं की 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे मागे उरणारं गडद तपकिरी सांडपाणी, निघतो; तो बाहेर सोडायचा नाही, आटवून बॉयलरला जाळायचा. मागून आण्णा उठले. हातात बाटली, विहिरीचं पाणी, रंग चहाचा.

"साहेब, एवढं आटवायचं राहिलं वाटतं!"

साहेबही हसले. मग नमुना सील झाला, सह्या झाल्या.

इथेनॉल आम्हाला नको असं नाही हो. डिसेंबर 2023 मध्ये ऐन हंगामात केंद्राने उसाच्या रसापासूनचं इथेनॉल थांबवलं, तेव्हा पहिली बोंब आम्हीच मारली होती. पण जनावरं त्याच विहिरीचं पितात.

रिपोर्ट येईल म्हणे. आण्णांनी तशीच दुसरी बाटली फडताळात जपून ठेवलीय.