कान बघणारा माणूस

मुलांना माणसाचा चेहरा काढायला सांगितला की कान सगळ्यात शेवटी येतात. डोळे, नाक, मिशा, झालंच तर गॉगल, सगळं जीव ओतून काढतात आणि मग एकदम आठवण झाल्यासारखा एका बाजूला तीनचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला उलटा तीन. परळच्या एका शाळेत मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. असे किती तीन खोडायला लावले, देव जाणे. "बाई, कान कोण बघतं?" असं एकाने वैतागून विचारलं होतं.

त्याला उत्तर म्हणून मी एक कात्रण दाखवलं. फोर्टच्या फुटपाथवर रद्दीच्या भावात घेतलेल्या एका इंग्रजी मासिकातलं. समोरून अंगावर येणारा आफ्रिकन हत्ती, दोन्ही कान ताडपत्रीसारखे ताणलेले. डाव्या कानाची कड उंदराने कुरतडलेल्या वहीसारखी, उजव्याला मध्येच एक भोक. तो लेख हत्तींचे अभ्यासक इयन डग्लस-हॅमिल्टन यांच्यावर होता. पुढे ते कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गात लावलं, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच होतं.

८ डिसेंबर २०२५ ला नैरोबीत डग्लस-हॅमिल्टन गेले. वय ८३. भाचीने मोबाईलवर बातमी पाठवली, खाली लिहिलं होतं, "आत्या, तुझा कानवाला गेला."

गडी मूळचा स्कॉटलंडच्या खानदानी घरातला. १९६५ साली, २३ व्या वर्षी, टांझानियातल्या लेक मन्यारा उद्यानात हत्तींचा अभ्यास करायला जाऊन राहिला. उद्यान फार मोठं नाही आणि त्यातला बराच भाग तर तळंच. पण हत्ती शेकडो, आणि अभ्यास करायचा तर आज दिसलेली हत्तीण कालचीच की दुसरी, हे आधी कळायला हवं. तिथे कान कामाला आले. आफ्रिकन हत्तीच्या कानाची कड काट्याकुट्यांत फाटते, खाचा पडतात, भोकं पडतात, शिवाय कानावरच्या शिरांची नक्षी प्रत्येकाची वेगळी. त्याने एकेकाचे फोटो काढले आणि चक्क हत्तींचा पट तयार केला. यात गंमत अशी की कान पूर्ण पसरलेले हवेत आणि हत्ती कान पसरतो तो समोरच्याला दम भरताना. म्हणजे फोटो चांगला यायचा तर हत्तीण चिडलेली हवी आणि आपण तिच्या समोर हवं! मला पहिलीच्या वर्गाचा हजेरीपट घ्यायचं जिवावर यायचं.

बोअडिसिया नावाची एक म्हातारी हत्तीण अशी धमकावण्यात पटाईत होती. उलट व्हर्गो एकाच सुळ्याची आणि शांत. बायको ओरिया आणि तीन महिन्यांची लेक सबा यांना घेऊन हा तिच्यासमोर उभा राहिला आणि व्हर्गोने सोंड लांबवून पोरीचा वास घेतला. मला विचाराल तर तान्हं मूल घेऊन असले उद्योग करणाऱ्याला घरच्यांनी चार शब्द सुनवायला हवे होते. पण व्हर्गोबद्दल वाचलं तेव्हा मी लालबागच्या खोलीत बसून हसले होते. एकदंत आणि शूर्पकर्ण. हत्ती ओळखायच्या दोन्ही खुणा आपण आरतीत आणि स्तोत्रात कधीच्या नोंदवून ठेवल्यात.

एकेक हत्ती ओळखू यायला लागला तसं कोण कोणाबरोबर फिरतं तेही दिसायला लागलं. कळप म्हणजे आज्या, मावश्या, लेकी आणि त्यांची पोरं. वाट ठरवणार सगळ्यात जाणती म्हातारी. नर वयात आले की बाहेर. आमच्या चाळीत याला संशोधन म्हटलं नसतं कोणी.

मग वाईट दिवस आले. विमानातून देशोदेशीचे हत्ती मोजून त्याने १९७९ साली आफ्रिकेतल्या हत्तींचा अंदाज मांडला, सुमारे १३ लाख. दहा वर्षांत ते सुमारे ६ लाखांवर आले. सुळ्यांसाठी मारले गेले. ऑक्टोबर १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली, त्यामागे हे आकडे होते. शाळेत आम्ही मूल गाव सोडून गेलं की 'पटावरून नाव कमी केलं' असं लिहायचो. त्याच्या पटावरची नावं कशी कमी होत असतील, याचा विचार मी फार करत नाही.

आणि मुंबईकरांना यात हात झटकता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकात झांजिबारहून निघालेला हस्तिदंत आपल्या बंदरात उतरायचा आणि इथून चुडे करणाऱ्यांकडे जायचा. माझ्या आजीच्या फणेरपेटीत एक हस्तिदंती फणी होती. बारीक दातांची, पिवळी पडलेली, मधले दोन दात तुटलेले. तिनेच आजी आमच्या उवा काढायची. ती फणी कोणत्या हत्तीची, हा प्रश्न त्या कात्रणाआधी माझ्या डोक्यात आला नव्हता.

पुढे केनियातल्या सांबुरूत त्यांनी काम उभं केलं, १९९३ मध्ये 'सेव्ह द एलिफंट्स' काढली, हत्तींच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे घातले. तिथली एक गोष्ट मी दर वर्षी सातवीला सांगायचे. ऑक्टोबर २००३ मध्ये एलिनॉर नावाची म्होरकी हत्तीण कोसळली. दुसऱ्याच कुटुंबातली ग्रेस धावत आली, सुळ्यांनी तिला उचलून उभं केलं. ती पुन्हा पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेली आणि पुढचे काही दिवस वेगवेगळ्या कुटुंबांतले हत्ती येऊन तिच्याजवळ थांबून गेले. ग्रेस परकी होती हे कशावरून कळलं? पटावरून. नाहीतर 'एका हत्तीने दुसऱ्याला उचललं' एवढीच नोंद झाली असती.

मृत्युलेखांतून मात्र एकच नाव मोठं होतं, ते मला खटकतं. मन्याऱ्यात म्होजा बुरेंगो त्याच्याबरोबर रान तुडवत होता. सांबुरूत डेव्हिड डाबालेन शेकडो हत्ती नुसते बघून ओळखतो. हा पट एकट्याने भरलेला नाही.

बातमी आली त्या आठवड्यात वाटलं, भाऊ दाजी लाड संग्रहालयासमोरच्या दगडी हत्तीचं चित्र काढावं. घारापुरीचा हा हत्ती १८६४ साली विलायतेला न्यायला उचलताना फुटला, मग तुकडे जोडून राणीच्या बागेत उभा केला. मुलांना घेऊन किती वेळा तिथे बसले असेन. वही-पेन्सिल घेतली, भायखळ्याला उतरले, चालत गेले. गेट बंद. बुधवार होता. निवृत्त झाल्यापासून मला वार कळत नाहीत.

मग बसस्टॉपवर बसले आणि पुढच्या रांगेतले कान काढायला घेतले. एक बाई, कानाची पाळी लोंबून चिरत आलेली, तरी कुड्या जड. एक चपटा, डोक्याला चिकटलेला. एका पोराच्या कानाला वरच्या बाजूला छान खाच होती. त्यानेच वळून विचारलं, "काय काढताय मावशी?"

"कान."

त्याचा हात आपोआप त्या खाचेवर गेला.