पाच देश, एक तक्ता आणि माझी पीएच.डी.

अमळनेरमध्ये शेअर म्हणजे काय हे मुलांना शाळेत शिकवावे लागत नाही. १९४५ साली येथे वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली आणि तिचे शेअर गावातील अनेक घरांत जपून ठेवलेले आहेत. अमेरिकेत कोणी काही बोलले की आपल्या शेअरचा भाव का पडतो, हा आमच्या आप्पांचा नेहमीचा प्रश्न होता. तालुक्याच्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवत असताना २०१४ साली मी पीएच.डी.साठी नोंदणीचा अर्ज केला, तो याच प्रश्नावर.

विषय पहिल्या खेपेस नामंजूर झाला. ‘केळी, कापूस सोडून ब्राझील कशाला?’ असे समितीतील एका सदस्यांनी विचारले, तेव्हा मला राग आला. पण शीर्षक फार पसरट आहे, हा त्यांचा दुसरा आक्षेप खरा होता. ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ (वेगाने वाढू पाहणाऱ्या देशांचे बाजार) या नावाखाली कितीही देश कोंबता येतात. मग मी ब्राझील, भारत, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान एवढेच घेतले आणि काळ २०१३ चा ठेवला. त्या वर्षी २२ मे रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी रोखेखरेदी, म्हणजे रोखे विकत घेऊन बाजारात पैसा ओतणे, कमी करण्याचे सूतोवाच केले, या देशांतून परकीय पैसा निघू लागला आणि ऑगस्टअखेर डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला.

खरी अडचण सिद्धान्ताची नव्हती, तारखांची होती. पाचही देशांच्या शेअर निर्देशांकांचे रोजचे बंद भाव मी एक्सेलमध्ये शेजारी शेजारी मांडले आणि सहसंबंध, म्हणजे ते किती बरोबरीने हलतात, काढला, तर तो अपेक्षेपेक्षा फारच कमी आला. दोन महिने मी सूत्रे तपासत बसलो. मार्गदर्शकांनी तक्ता पाहून एवढेच विचारले, ‘बर्नान्की बोलले तेव्हा आपल्याकडे किती वाजले होते?’ संध्याकाळचे साडेसात. आपला बाजार साडेतीनलाच बंद झालेला, ब्राझीलचा मात्र चालू. म्हणजे एकच धक्का त्यांच्या रकान्यात २२ तारखेला आणि आपल्या रकान्यात २३ तारखेला पडला होता. हा एका दिवसाचा फरक मिटावा म्हणून दोन-दोन दिवसांच्या परताव्याची (भावातील टक्केवारी बदलाची) सरासरी घेऊन सगळी गणिते पुन्हा केली, त्यात आणखी पाच महिने गेले. (भारनियमनाचे तास वेगळे.)

प्रगती अहवाल, शुल्क, साहित्यचौर्य तपासणी यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. ते सर्वांनाच करावे लागते.

मौखिकीला बहिःस्थ परीक्षकांनी सिद्धान्ताची प्रकरणे बाजूला सारून थेट परिशिष्ट उघडले आणि ३ नोव्हेंबर २०१३ ही तारीख वगळल्याच्या तळटीपेवर बोट ठेवले. त्या दिवशी रविवार होता, मग आकडा आलाच कुठून? मी सांगितले की ते लक्ष्मीपूजन होते, संध्याकाळी आपल्याकडे मुहूर्ताचे सौदे झाले आणि त्या दिवशी ब्राझीलचा बाजार बंद होता. ते हसले आणि त्यांनी पान उलटले.