तोफ नसलेला पँथर

रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्या मंडळींची नजर आधी तोफेवर जाते. नळी धातूची की प्लास्टिकची, टोकाचा मझल ब्रेक बरोबर आहे का, इथून चर्चा सुरू होते. सध्या माझ्या टेबलावर जे आहे त्याला तोफच नाही. बेर्गेपँथर. जर्मन पँथर रणगाड्याचं वरचं टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, काढून टाकायचं, तिथे लाकडी फळ्यांची उघडी पेटी करायची, पोटात विंच, म्हणजे ड्रमवर रोप गुंडाळून ओढणारं यंत्र, बसवायचा आणि मागे जमिनीत रुतणारं लोखंडी फावडं लावायचं. काम एकच, अडकलेला रणगाडा ओढून काढायचा.

मी नोकरीभर कारखान्यात क्रेन आणि होइस्टच्या मेंटेनन्सला होतो. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या इतक्या गाड्या सोडून हीच का, असं घरच्यांनीही विचारलं नाही.

ही गाडी निघाली कारण जर्मनांचे रणगाडे त्यांच्या ओढगाड्यांपेक्षा फार पुढे गेले होते. त्यांच्याकडची सर्वात दणकट ओढगाडी म्हणजे फामोचा १८ टनी हाफट्रॅक, पुढे चाकं आणि मागे पट्टे असलेला. टायगर रणगाडा ५७ टनांचा, पँथर ४५ टनांच्या आसपास. एक टायगर हलवायला दोन-तीन हाफट्रॅक एकापुढे एक जोडावे लागत, चिखल असेल तर त्याहून जास्त. एका टायगरने दुसऱ्या टायगरला ओढायला मनाई होती, कारण मग दोघंही रस्त्यात बसायचे. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कला २०० पँथर पहिल्यांदा लढाईत उतरले आणि त्यातले कित्येक शत्रूच्या गोळ्याआधी स्वतःच्याच बिघाडांनी थांबले. माघार सुरू झाली की दुरुस्त होण्याजोगा रणगाडासुद्धा गेलाच समजायचा. मैदान ज्याच्या हातात राहतं, भंगारही त्याचंच.

पहिल्या बारा गाड्या मान कंपनीने जून १९४३ मध्ये दिल्या, पण त्यांत विंचच नव्हता. नुसते टरेट काढलेले पँथर. ते ओढणार म्हणजे इंजिनच्या आणि गिअरच्या जिवावर, आणि पँथरचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या चाकाला जोर देणारे शेवटचे गिअर, हा त्याच्या अंगातला सगळ्यात नाजूक सांधा. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने काही पँथर वापरले. त्यांच्या १९४७ च्या अहवालात फायनल ड्राइव्हचं सरासरी आयुष्य १५० किलोमीटर दिलं आहे. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. असल्या ड्राइव्हवर ४५ टनांचा जोडीदार गळ्यात बांधायचा!

विंच आला आणि चित्र बदललं. चाळीस टनांची ओढ, दीडशे मीटर वायर रोप. गाडी उभी राहते, मागचं फावडं जमिनीत घुसतं आणि ओढ जाते मातीत. पट्ट्यांवर, गिअरवर भार येत नाही. रोप ताणला की फावडं आणखी खोल रुततं. या रचनेत फार हुशारी आहे, आणि मॉडेल करताना बहुतेकांचं नेमकं तिकडेच दुर्लक्ष होतं.

मापाची अचूकता हल्ली विकत मिळते. १/३५ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्यात, मेंग कंपनीचा बेर्गेपँथर किट आहे, टाकोमचा आहे. व्हर्निअर लावून बसायची हौस मलाही आहे. साइडची ४० मि.मी. प्लेट १.१४ व्हायला हवी, ६६० मि.मी.चा पट्टा १८.९, ८६० चं चाक २४.६. हे जमतं. पण भार कुठून कुठे जातो हे ज्याला ठाऊक नाही त्याचं मॉडेल मापात तंतोतंत असूनही खोटं दिसतं. गंज भलत्या जागी, चकाकी भलत्या जागी, रोप दोऱ्यासारखा लोंबतोय.

रोपाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझी निम्मी मेहनत तिथे गेली.

चाळीस टनांच्या ओढीला तीसेक मि.मी.च्या खालचा वायर रोप मी माझ्या सहीने कधी पास केला नसता. म्हणजे १/३५ मध्ये ०.८५ च्या आसपास. किटमध्ये बहुधा दोरा देतात किंवा आयती पिळलेली तार. दोऱ्याला तूस असतं, रंग दिला की ते उभं राहतं. तारेला पीळ असतो, पण रोपाचा नव्हे. खऱ्या रोपात आधी बारीक तारा पिळून लड होते, मग सहा लडी मधल्या गाभ्याभोवती उलट्या दिशेने पिळतात. पीळ उलटा यासाठी, की भार आला तर एक पीळ उलगडायला बघतो तेव्हा दुसरा त्याला आवळतो. मी जुन्या इलेक्ट्रिक वायरीतल्या ०.१ मि.मी.च्या तांब्याच्या तारा घेतल्या. सात तारांची एक लड, ०.३. सहा लडी आणि मध्ये एक गाभा, ०.९. ठरवल्यापेक्षा केसभर जाड, पण चालतं. एक टोक पक्कडीत, दुसरं हातगिरमिटाच्या चकमध्ये, आणि सावकाश फिरवायचं. घाई केली की मध्येच गाठ उभी राहते आणि तो तुकडा वाया.

दीडशे मीटरचे १/३५ मध्ये ४ मीटर २९ सेंटिमीटर होतात. तेवढा सगळा रोप वळायचा हट्ट मी केला नाही. ड्रमवरचा फक्त वरचा थर खरा आहे, आत प्लास्टिकची नळी. वरच्या थरातही वेटोळी घड्याळजीने लावल्यासारखी शिस्तीत ठेवली नाहीत. कुणी भार घेऊन रोप गुंडाळला असेल तर तो नीट बसतो, रिकामा गुंडाळला तर सैल पडतो आणि पुढच्या ओढीला वरची फेरी खालच्या दोन फेऱ्यांत घुसते. तशी एक घुसलेली फेरी मी मुद्दाम ठेवली आहे. आमच्या शेडमध्ये ती दिसली असती तर ऑपरेटरला बोलावून दाखवली असती.

जमिनीवर टाकलेल्या रोपाची गोष्ट वेगळी. पोलादी रोप सुतळीसारखा पडत नाही. त्याला अंगचा ताठरपणा असतो, वळणं मोठी घेतो, जमिनीपासून जागोजागी उचललेला राहतो. तांब्याची तार तापवून लाल केली की मऊ होते, मग हवा तो बाक देता येतो आणि तो टिकतो. वळण देताना एक नाणं ठेवून त्याच्याभोवतीच फिरवायचं. त्याहून छोटं वळण खऱ्या रोपात आलं तर तो रोप कायमचा मुडपला, बदलायला काढा.

आणि रंग! जवळपास प्रत्येक मॉडेलवर रोप नारिंगी गंजाचा. अहो, वापरातल्या विंचचा रोप गंजका नसतो, तेलकट असतो. ग्रीस आणि धूळ मिळून काळपट तपकिरी लेप बसतो आणि जिथे रोप रोलरवर घासतो तिथे तारांचे माथे तेवढे पांढरे चमकतात. मी काळ्या-तपकिरी तेलरंगाचा पातळ हात दिला, सुकल्यावर शिसपेन्सिलीचं टोक आडवं धरून फक्त माथ्यांवरून फिरवलं. बस्स.

फावड्याला हाच नियम. जो भाग मातीत जातो तो मातीनेच घासून उजळ होतो, त्याला गंज धरायला सवड मिळत नाही. धारेपाशी जवळजवळ उघडं पोलाद, त्याच्या वर रंग ओरखडलेला, आणि वरचे दांडे जसे फॅक्टरीतून आले तसे पिवळे. पिवळा म्हणजे १९४३ च्या फेब्रुवारीपासून चालू झालेला डुंकेलगेल्ब. उघड्या पेटीच्या आतही मी हाच दिला. बंद रणगाड्यात आतून हस्तिदंती रंग असे, पण वरून उघड्या गाडीत तो विमानातून लांबून दिसणार.

फळ्यांना खरं लाकूड वापरलं नाही. लाकूड म्हणून लाकूड, हे ऐकायला बरं वाटतं, पण साध्या लाकडाची रेषाही इतकी मोठी असते की १/३५ मध्ये ती फळी नांगरलेल्या जमिनीसारखी दिसते. प्लास्टिकच्या पट्टीवर जाडसर पॉलिश पेपर एकाच दिशेने दोन-चारदा ओढला की पुरेसा पोत येतो. पेटीच्या कडा मात्र जिथे माणसं पाय देऊन चढत असतील तिथे गोल केल्या. ब्लेडने नाही, कानशीने.

एक छोटी गोष्ट, जी फोटोत कुणाला दिसणार नाही. फावडं रोवून ओढ चालू असताना गाडी मागे बसते. म्हणून मागच्या तीन चाकांचे हात मी मिलिमीटरभर वर चिकटवले. पँथरचं सस्पेन्शन दुहेरी टॉर्शन बारचं, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी दांड्यांचं, चांगलंच लवचीक. किटमध्ये सगळी चाकं एका पातळीत बसायची सोय असते आणि ते हात सरळ खाचेत जातात. खाच कापून काढावी लागली. एकात एक गुंतलेली चाकं असल्यामुळे मागाहून हे करता येत नाही, आधीच ठरवायला लागतं.

संदर्भांविषयी विचारणारे विचारतातच. फ्रान्समध्ये सोम्युरच्या संग्रहालयात एक बेर्गेपँथर आहे, त्याचे फोटो भरपूर मिळतात. जोड, बोल्ट, बिजागऱ्या यांसाठी असली गाडी उत्तम. झीज कुठे झाली हे बघायला युद्धकाळातले काळेपांढरे फोटो बरे, कारण संग्रहालयातली गाडी बहुधा नंतर रंगवलेली असते. सुरुवातीच्या काही गाड्यांना पुढच्या प्लेटवर २ सें.मी.च्या तोफेचा माउंट होता. मी तो लावलेला नाही. मला ती फक्त ओढणारी गाडीच हवी होती. अमेरिकनांनी उलट केलं. त्यांच्या एम-३१ वर, म्हणजे ली रणगाड्याच्या ओढगाडीवर, चक्क खोट्या नळ्या बसवल्या, लांबून रणगाडा वाटावा म्हणून. शत्रूला फसवायला ते ठीक, पण त्यातली एक नळी दारावरच बसवलेली, त्यामुळे दार उघडलं की दारासोबत तोफही उघडते, हे दृश्य कधीतरी करून बघायचं आहे.

आता राहिली आहे छोटी क्रेन. दीड टनाची, डाव्या-उजव्या कुठल्याही बाजूला लावता येणारी. टरेट उचलणं तिच्या आवाक्यातलं नाही, त्याला वेगळी मोठी गॅन्ट्री, म्हणजे चौकटीची क्रेन, आणायचे. पण पँथरचं मायबाख इंजिन बाराशे किलोच्या घरात, ते तिला पेलतं. तिचा दांडा पितळी नळीचा करतोय, प्लास्टिकचा महिन्याभरात वाकेल. हूक किटमधला वापरणार नाही. त्याला तोंडाशी सेफ्टी लॅच, म्हणजे अडकवलेलं निसटू नये म्हणून असलेली पट्टी, दाखवली आहे, आणि त्या काळच्या हुकाला ती असण्याची शक्यता मला कमीच वाटते. जाड तार तापवून, ठोकून नवा हूक करायला घेतला आहे. पोट जाड, टोक निमुळतं. तो झाला की पुढचे फोटो टाकतो.