सुरूची कुंडी

मृगाचा आदला दिवस. रत्नागिरी.

आगोटीची कामं बाजूला ठेवून आज माझ्या सुरूच्या बोन्सायची कुंडी बदलली. पाऊस तोंडावर आला की मुळं छाटायला हीच वेळ बरी. हवेत एवढा ओलावा असतो की झाड माना टाकत नाही.

बोन्सायसाठी मला आधी लार्च हवा होता. सूचिपर्णी असून पानझडी. शरदात सोनेरी होतो आणि थंडीत सगळ्या सुया गाळून नुसत्या फांद्या उरतात. कुठली ठेवायची, कुठली वाकवायची, सगळं उघडं दिसतं. पण त्या विश्रांतीसाठी त्याला खरी थंडी लागते. आपल्या देशातला लार्च सिक्कीम-अरुणाचलच्या उंच डोंगरांतला. इथे जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण १८-१९ अंशांवर थांबतो. अशा हवेत तो आणून हाल करणं मला पटलं नाही.

म्हणून भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूबनातून फळं वेचून आणली. कागदावर उन्हात ठेवली की त्यांचे खवले उघडतात आणि इवल्या पंखाचं बी सुटतं. सुरू दिसतो सूचिपर्णी, पण आहे फुलझाड. त्याच्या सुया म्हणजे हिरव्या काड्या. एक काडी सांध्यावर ओढून तोडायची आणि डोळ्यांजवळ धरायची: सांध्याभोवती सहा-सात बारीक दाते दिसतात. तीच त्याची पानं!

आज मुळं धुताना तपकिरी गाठींचे झुबके दिसले आणि जीव सुखावला. त्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात, हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. म्हणून जुनी मूठभर माती नव्या मिश्रणात परत घातलीच. बाकी चाळलेला जांभ्याचा चुरा आणि थोडं शेणखत. जांभ्याची धूळ मात्र काढून टाकायची, नाहीतर आषाढात कुंडीत चिखल होतो.

सुरू उघडा पडत नाही, त्यामुळे फांदी कुठे वळते ते बोटांनी चाचपून शोधावं लागतं. मला हे आता पाहण्यापेक्षाही आवडतं. छाटताना टोकाला हिरवं राखायचं. पार बोडकी केलेली फांदी बहुधा वाळते. आणि पावसात तो इतका भराभर जाडावतो की वळण द्यायला फांदीभोवती गुंडाळलेली तार सालीत रुतते. दर आठवड्याला बघायची, रुतू लागली की कापून काढायची. उलगडत बसलं तर फांदी मोडते.

शेजारच्या काकू गडग्यापलीकडून म्हणाल्या, "अगो, तारा कशाला बांधतेस त्याला? वाढू दे की मोकळं." रविवारी त्यांना भाट्याला नेणार आहे. तिथे अगदी पुढच्या रांगेतल्या झाडांची समुद्राकडची बाजू खाऱ्या वाऱ्याने करपून विरळ झाली आहे, शेंडे समुद्राच्या उलट बाजूला झुकलेत. माझ्या झाडाला तोच कल द्यायचा आहे.

नवी तार आज नाही बांधली. मुळं छाटल्यावर लगेच फांद्यांना हात लावू नये. श्रावणात नवी पालवी जोरात आली की डावीकडची खालची फांदी वाकवेन. तोवर कुंडी पडवीच्या कडेला, पागोळी थेट पडणार नाही अशी.