मॅडम, चाबकाशिवाय घोडा चालत नाही का?

रविवारी मुलांना रायडिंगला सोडायला आलेले आईवडील कठड्याला टेकून उभे असतात आणि अर्ध्या तासात कुणीतरी विचारतंच, “चाबकाशिवाय चालत नाही का हो घोडा? लागत नाही त्याला?” तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

लागतं. घोड्याच्या कुशीवर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते, बाकी घोडा निवांत चारा खात असतो. ज्याला माशी कळते त्याला छडी कळत नाही, हे मला तरी पटवू नका.

तरीही छडी माझ्या हातात असते. घोडा शिकतो तो दाब सुटल्यावर. आपली पोटरी त्याच्या अंगाला हलकेच दाबायची, त्याने पाऊल उचललं की त्याच क्षणी सैल सोडायची. नाहीच ऐकलं तर छडीचं टोक पोटरीमागे नुसतं टेकवायचं आणि पाऊल पडताच काढून घ्यायचं. बस्स, छडीचं काम संपलं.

मी स्वतः शिकत होते तेव्हा एक तांबडी घोडी अडथळ्यासमोर थांबली. सगळे बघत होते. मी दोन सणसणीत ओढल्या, तिने उडी मारली, सरांनी शाबासकी दिली. पुढे कितीतरी दिवस तिच्या कपाळावरची झुलपं सारखी करायला मी उजवा हात वर केला की ती मान झटकून मागे सरायची. डावा हात चालायचा.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये काय झालं, आठवत असेल. पाच खेळांच्या या स्पर्धेत घोडेस्वारीही असायची आणि घोडा चिठ्ठीवर मिळायचा, ओळख करून घ्यायला २० मिनिटं. आघाडीवरच्या जर्मन आनिका श्लॉयच्या वाट्याला सेंट बॉय आला आणि तो पुढे जाईचना. ती वर बसून रडतेय, मारतेय, आणि बाहेरून तिची प्रशिक्षिका ‘मार’ म्हणून ओरडतेय. प्रशिक्षिकेने घोड्याला गुद्दा मारला म्हणून तिला बाहेर काढलं. पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच गेली. लोक श्लॉयला शिव्या घालतात. मला तिथे मी दिसते. घोडा घाबरलेला, वर बसलेली त्याहून घाबरलेली, आणि हातात छडी.

टाचेला लावायच्या स्परचा हट्ट मुलं फार धरतात, बुटांवर ऐट दिसते ना! दुडक्या चालीत, रिकिबीत पाय न घालता, दहा मिनिटं ज्याचा पाय डुलत नाही त्यालाच मी स्पर देते, तेही बोथट. डुलत्या पायाला स्पर म्हणजे घोड्याला पावलागणिक विनाकारण टोचणी. आणि पाय इतका स्थिर झाला की बहुतेकांना स्पर लागतच नाहीत.

“मग छडी बाळगता कशाला?” हाही प्रश्न ठरलेला. बाहेर रपेटीला गेल्यावर ट्रकचा हॉर्न वाजतो आणि घोडा मागे मागे सरत थेट रस्त्यावर जायला लागतो, तेव्हा एक टपली द्यावीच लागते. वर्षभरात दोनदा वेळ आली. दोन्ही वेळा तबेल्यात येऊन उतरल्यावर मी आधी उजवा हात वर करून बघितला.