स्नायूंच्या दोन थरांमधली जागा

"मॅडम, फ्रोझन पाठवतोय. तीन तुकडे आहेत, बाळ टेबलावर आहे." ऑपरेशन थिएटरमधून सर्जनचा फोन आला आणि मी हातातलं काम बाजूला सारलं. मी पॅथॉलॉजिस्ट. 'फ्रोझन' म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच आलेला टिश्यूचा तुकडा गोठवून, कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि लगेच कळवायचं.

बाळ अकरा दिवसांचं. जन्मल्यावर ४८ तास उलटले तरी शी नाही, उलटी हिरवी, पोट टम्म फुगलेलं. गुदाशयाच्या बायोप्सीवरून हिर्शस्प्रंगचा आजार असल्याचं आधीच कळलं होतं. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रंग यांनी १८८६ मध्ये तो मांडला. साधारण ५,००० जन्मांमागे एका बाळाला तो असतो.

अशा बाळाचं पोट उघडलं की नजर फुगलेल्या आतड्यावर जाते आणि आजार तिथेच असेल असं वाटतं. तो भाग मात्र चांगला असतो. आजारी असतो तो त्याच्या खालचा, साधा दिसणारा अरुंद भाग. तिथला स्नायूही धडधाकट असतो, पण त्याला 'आता सैल हो' असं सांगणाऱ्या चेतापेशीच, म्हणजे गँग्लिऑन पेशी, तिथे नसतात. मग तो आवळलेलाच राहतो आणि वरचं सगळं तुंबतं. गर्भाच्या पाचव्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान या पेशी अन्ननलिकेकडून खाली सरकत गुदाशयापर्यंत पोचतात. वाटेत थांबल्या, तर तिथून खालचं आतडं त्यांच्याविना राहतं. त्या कुठपर्यंत पोचल्या आहेत, एवढंच सर्जनना माझ्याकडून हवं होतं. तिथून वरचं आतडं खाली ओढून जोडायचं होतं.

तुकडे आतड्यावर खालून वर क्रमाने घेतलेले, नखाच्या टोकाएवढे. आमच्या तंत्रज्ञ दादांनी पहिला तुकडा चिमट्याने कडेवर उभा केला. आडवा गोठला तर पातं एकाच थरातून फिरतं आणि नेमकी मधली जागा हुकते. गोठवायचंही झटकन. सावकाश गोठलं, तर पेशींतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि टिश्यूची जाळी होऊन जाते. उणे २० अंशांच्या क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे गोठलेला तुकडा कापणाऱ्या यंत्रात, पाच मायक्रॉनचा काप निघाला, रंगला, माझ्यासमोर आला.

आतड्याच्या भिंतीत चारही प्रकारच्या ऊती शेजारी शेजारी नांदतात. इथेही बाहेरून चपट्या पेशींचा एकपदरी अभिस्तर, त्याखाली संयोजी ऊतीचे फिके धागे, मग स्नायूंचे दोन थर, एक उभा आणि एक गोलाकार. या दोन थरांच्या मध्ये गँग्लिऑन पेशींचे पुंजके हवेत. तिथे चेतातंतूंच्या जाडजूड जुड्या होत्या, पेशी एकही नव्हती. पहिला तुकडा: नाहीत.

दुसऱ्यात एक पेशी दिसली. टपोरी, केंद्रक मोठं, अगदी मधल्या जागेत. मनापासून सांगते, 'आहेत' म्हणावंसं वाटलं. बाळ भुलीखाली, सर्जन थांबलेले, आणि नवजात बाळाच्या गँग्लिऑन पेशी तशाही लहान, कच्च्या असतात, पुस्तकातल्यासारख्या ठसठशीत नसतात. पण मी चुकीचं 'आहेत' म्हटलं असतं, तर तोच बिनचेतापेशींचा भाग खाली जोडला गेला असता आणि त्या जिवाला पुन्हा टेबलावर यावं लागलं असतं.

"दादा, अजून खोल कापा."

त्यांनी काही न विचारता आणखी आठ काप दिले. सहाव्यात ती पेशी एका चिरेच्या कडेला लागली आणि चिरेत एक लाल रक्तपेशी बसलेली दिसली. म्हणजे ती केशवाहिनीच्या अस्तरातली, फुगलेली पेशी होती. दुसरा तुकडा: नाहीत.

तिसरा तुकडा लेन्सखाली सरकवला मात्र, शोधावं लागलंच नाही. सहा-सात पेशी घोड्याच्या नालासारख्या गोळा झालेल्या, केंद्रकं बाहेरच्या कडेला, आत फिकट गुलाबी द्रव्य. आजूबाजूच्या जुड्या बारीक, नेमस्त. मी फोनवर "आहेत, व्यवस्थित आहेत" म्हटलं आणि पलीकडून नुसता श्वास सोडल्याचा आवाज आला. त्यानंतर कापलेल्या टोकाचं पूर्ण कडंही आलं, कारण ही सीमा सरळ रेषेत नसते. एका बाजूला पेशी असतात आणि त्याच पातळीवर दुसऱ्या बाजूला नसतात. आम्ही ते कडं गोल फिरून तपासलं. सगळीकडे होत्या.

पॅराफिनमधले, म्हणजे मेणात बसवून केलेले, पक्के काप नंतर आले, तेही जुळले. त्याच दिवशी दुपारी वॉर्डातून सिस्टरांचा फोन आला.

"मॅडम, झाली."

"काय झाली?"

"शी. आपली आपण. आई रडतेय."

मी दादांना सांगायला आत गेले. ते क्रायोस्टॅटचं पातं बदलत होते. हातातलं पातं त्यांनी खाली ठेवलं आणि म्हणाले, "पुन्हा सांगा."