सतरावे लान्सर्स, ५४ मिमी: एका स्वाराचे तीन झाले

मंडळी, गणपतीत रंगवायला घेतलेला ५४ मिमीचा छोटा स्वार, क्रिमियाच्या युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईतला, सतरावे लान्सर्स या ब्रिटिश भालाईत रिसाल्याचा, दिवाळी उलटली तरी टेबलावरच आहे. घोडा झालाय, खोगीर झालंय, भाला तर दोनदा झालाय. अडलं ते टोपीपाशी, आणि त्या अडण्यातून एका स्वाराचे तीन झाले. सगळं सविस्तर लिहितोय, कारण तुमच्यातल्या दोघातिघांचा हाच रिसाला रंगवायचा बेत आहे. माझा गेला तो वेळ तुमचा तरी वाचेल.

आधी कवटीबद्दल. सतराव्या लान्सर्सकडे माणूस ओढला जातो तो तिच्यामुळेच. सप्टेंबर १७५९ मध्ये क्वेबेकची लढाई जनरल जेम्स वुल्फने जिंकली आणि त्याच मैदानावर त्याने प्राण सोडला. विजयाची बातमी घेऊन इंग्लंडला गेला कर्नल जॉन हेल. त्याला हलक्या घोडदळाचा एक नवा रिसाला उभारायचा मान मिळाला, आणि आपल्या मेलेल्या सेनापतीची आठवण म्हणून हेलने त्या रिसाल्याला चिन्ह दिलं: कवटी, दोन आडवी-तिडवी हाडं, खाली एक फीत आणि फितीवर दोनच शब्द, 'ऑर ग्लोरी'. म्हणजे 'नाहीतर कीर्ती'. 'मृत्यू' हा शब्द कुठेही लिहिलेला नाही, तो चित्रानेच म्हणायचा. मला हे फार आवडतं. पुढे १८२२ मध्ये हे ड्रगून, म्हणजे घोडेस्वार, भालाईत (लान्सर्स) झाले, १९२२ मध्ये एकविसाव्या लान्सर्समध्ये मिसळले, १९९३ आणि २०१५ मध्ये आणखी दोनदा नाव बदललं, घोडे जाऊन चिलखती गाड्या आल्या. पण कवटी आणि ते दोन शब्द टोपीवरून हलले नाहीत.

आता अडचण सांगतो. ५४ मिमीच्या स्वाराच्या टोपीवर ही कवटी जेमतेम मिलिमीटरभराची होते. ती साधायला मी तीन आठवडे नुसता सराव केला. टाकाऊ पुठ्ठ्यावर राखाडी ठिपका, त्यावर मोतिया रंगाचा थोडा लहान ठिपका, मग सुईच्या टोकाने डोळ्यांच्या दोन खाचा. खाचांना निव्वळ काळा लावला तर दुरून नुसतं बटण दिसतं. काळ्यात गडद तपकिरी मिसळली की कवटी जिवंत होते. (कवटीला जिवंत म्हणणं विचित्र आहे, पण रंगवणाऱ्यांना कळेल.) इतकं सगळं जमल्यावर क्रिमियातल्या गणवेशाची वर्णनं पुन्हा नीट वाचायला घेतली, आणि तिथे स्पष्ट होतं की मोहिमेवर लान्सर्सच्या टोप्यांवर काळ्या मेणकापडाची खोळ होती. पोलिश धर्तीची ती चौकोनी माथ्याची उंच टोपी, तिच्यावरचं पांढरं कापड, समोरचा चकचकीत पत्रा आणि त्यावरची कवटी, सगळं खोळीच्या आत.

ज्या दिवसामुळे जगाला या रिसाल्याचं नाव कळलं, बालाक्लाव्हाच्या त्या २५ ऑक्टोबर १८५४ च्या दिवशी त्याचं चिन्ह झाकलेलं होतं.

दोन दिवस मी काम बाजूला ठेवलं. खोळ न घालता रंगवणारे पुष्कळ आहेत, बाजारात तसे साचेही मिळतात. दिसायला देखणं दिसतं, पण ते मनाला पटेना. शेवटी ठरवलं की माणूस एकच, पण दोनदा करायचा. पहिला १८५४ च्या वसंतातला, जहाजावर चढण्याआधी कवायतीला उभा, टोपी उघडी, कवटी लखलखीत. दुसरा तोच माणूस, तोच चेहरा, सहा महिन्यांनंतरचा. दोन्ही डोकी एकाच साच्यातून ओतली. दुसऱ्याचे गाल सुरीने किंचित तासले, डोळ्यांखाली जांभळट छटा दिली आणि हनुवटीवर पातळ राखाडीचा एक हात फिरवून दाढीचे खुंट आणले. दोघांना शेजारी ठेवल्यावर घरच्यांनीही विचारलं, "हा आजारी आहे का?" त्या सैन्यात कॉलऱ्याने थैमान घातलं होतं, त्यामुळे या प्रश्नाने मला समाधान वाटलं.

मेणकापडाची खोळ रंगवण्याबद्दल एक सांगतो. ती काळी नसते. काळ्यात निळा आणि चिमूटभर तपकिरी घालून बेस द्या. कापड ताणलं जातं ते माथ्याच्या चार कोपऱ्यांवर. तिथे फिकट राखाडीची अगदी बारीक रेघ. कंबरेपाशी, म्हणजे टोपी जिथे निमुळती होते तिथे, चुण्या पडतात. त्या मी ओल्या पुटीत दात कोरायच्या काडीने दाबल्या. शेवटी सॅटिन वार्निश, पण फक्त वरच्या अर्ध्या भागाला. खालच्या भागावर धूळ बसलेली असते, तो मॅटच हवा.

अंगरखा गडद निळा, कॉलर आणि कफ पांढरे. पांढरा हा आपल्या छंदातला सगळ्यात अवघड रंग. मी राखाडीपासून वर चढत गेलो, पाच हात दिले, आणि शुद्ध पांढरा फक्त कफाच्या वरच्या कडेला ठेवला. पँटच्या बाहेरच्या शिवणीवर दोन पांढऱ्या पट्ट्या येतात, मध्ये अरुंद फट. दोन पट्ट्या काढायला जाऊ नका. एकच रुंद पट्टी ओढा आणि मधोमध गडद रेघ मारा. गुडघ्याच्या वळणावर हात थरथरला तरी रेघ पुन्हा मारता येते.

भाल्याचं मात्र चुकलं. नऊ फुटी भाला आपल्या प्रमाणात ८६ मिलिमीटरचा होतो. मी एक मिमीची पितळी तार घेतली आणि तिच्यावर पुटीच्या बारीक गाठी चढवल्या, कारण जुन्या छायाचित्रांत भाल्यांना बांबूच्या पेरांसारख्या गाठी स्पष्ट दिसतात. ती छायाचित्रं नंतरच्या काळातली. ब्रिटिश घोडदळाने बांबूचा भाला स्वीकारला तो १८६८ च्या सुमारास, आणि तो बांबू जायचा आपल्याकडून: भरीव, ज्याला नर बांबू म्हणतात तो. बालाक्लाव्हाला हातात होता तो ॲशच्या लाकडाचा गुळगुळीत दांडा. सगळ्या गाठी खरवडून काढल्या. वाया काहीच गेलं नाही. ४ जुलै १८७९ ला उलुंदीच्या लढाईत याच रिसाल्याने झुलूंवर चाल केली, तो स्वार कधी केलाच तर गाठींचा भाला त्याच्याच हाती शोभेल. भाल्याच्या टोकाशी दुहेरी निशाण आहे, वर लाल, खाली पांढरं. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाचं केलं तर घडी छान बसते.

कवायतीच्या स्वाराचं झकपक रूप कुठून आलं, ते कळल्याशिवाय ही जोडी पुरी होत नाही. १८२६ मध्ये लॉर्ड बिंगहॅम या सव्वीस वर्षांच्या सरदाराने सतराव्या लान्सर्सचं नेतृत्व रोख पैसे मोजून विकत घेतलं. तेव्हा तशी रीतच होती, अधिकारपदं विकत मिळत. त्याने पदरचे पैसे ओतून रिसाला असा काही नटवला की लोक त्याला 'बिंगहॅमचे छैलछबिले' म्हणू लागले. १८३७ मध्ये त्याने रिसाला सोडला आणि पुढे तो लॉर्ड ल्यूकन झाला. बालाक्लाव्हाला सगळ्या ब्रिटिश घोडदळाचा सेनापती तोच. टेकडीवरून आलेला तो गोंधळाचा हुकूम हातात घेऊन आपल्या मेव्हण्याला, हलक्या घोडदळाचा प्रमुख लॉर्ड कार्डिगनला, दरीत जायला त्यानेच सांगितलं. पहिल्या ओळीत डावीकडे कोण होतं? सतरावे लान्सर्स. ज्यांच्या अंगावरचं कापड कधीकाळी त्याने स्वतः निवडलं होतं त्या रिसाल्याला त्यानेच तिन्ही बाजूंच्या रशियन तोफांसमोर पाठवलं. मी खोळीच्या चुण्या काढत असताना हीच गोष्ट डोक्यात घोळत होती.

त्या दिवशी ६७० च्या आसपास स्वार दोन किलोमीटरच्या दरीत उतरले. हीच ती प्रसिद्ध 'चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड', हलक्या घोडदळाची तोफांवरची चढाई. सतराव्याच्या तीन जणांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळाला: बेरीमन, फॅरेल आणि वुडन. बेरीमन आणि फॅरेल यांनी तेराव्या ड्रगूनच्या मेलोनबरोबर जखमी कॅप्टन वेबला मैदानातून उचलून आणलं. रिसाल्याचा खाटीक जॅक व्हेही रक्ताने माखलेल्या सदऱ्यानिशी, हातात कुऱ्हाड घेऊन चढाईत सामील झाला, अशीही गोष्ट सांगतात. खाटकाची मूर्ती करायचा मोह होतो खरा. पण तिसरा स्वार मी दुसऱ्याच कुणासाठी राखून ठेवलाय.

तो म्हणजे कॅप्टन विल्यम मॉरिस. त्या दिवशी सतराव्याचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. बुटका, रुंद छातीचा, 'खिशातला हर्क्युलिस' म्हणून ओळखला जाणारा. जड घोडदळाने रशियनांना मागे रेटलं तेव्हा त्यांच्यावर लगेच तुटून पडू द्या म्हणून तो कार्डिगनला विनवत राहिला; कार्डिगनने ऐकलं नाही. ती संधी गेली, आणि नंतर आली ती ही चढाई. मॉरिस तोफांपर्यंत पोचला, डोक्यावर तलवारीचे वार झेलले आणि रक्तबंबाळ होऊन पडला. इनिस्किलिंग ड्रगूनचा सर्जन माउट आणि सार्जंट-मेजर वुडन त्याच्यापर्यंत गेले, गोळीबार चालू असताना त्याची जखम बांधली आणि त्याला मागे आणलं. वुडनचा क्रॉस याबद्दलचाच, माउटलाही मिळाला.

इथवर मी कधीकाळी वाचलं होतं. पुढचं मला या सप्टेंबरपर्यंत माहीत नव्हतं. १८५७ च्या उठावानंतर सतरावे लान्सर्स मुंबईत उतरले आणि खडकीला आले. मॉरिस त्यांच्याबरोबर होता. बालाक्लाव्हातून वाचलेला हा माणूस जुलै १८५८ मध्ये पुण्यात वारला, वय अवघं सदतीस. इंग्लंडमध्ये डेव्हनमधल्या हॅदरली गावी त्याचं स्मारक आहे. त्याच्या ब्राँझच्या पट्ट्यावर जखमी मॉरिसला रणातून नेतानाचं दृश्य आहे. मी खडकीच्या रस्त्याने रोज कामाला जातो. तीस वर्षं जातोय. पावसाळ्यातला जुलै, चिखल, रेल्वेच्या पुलाखालचं पाणी, हे सगळं मला ठाऊक आहे, आणि तरीही हा माणूस इथे होता हे मला ठाऊक नव्हतं. ते वाचल्या वाचल्या टेबलावर बसलो आणि तिसऱ्या मूर्तीचा सांगाडा वाकवला.

मॉरिसला टोपीचा प्रश्नच नाही. नुकताच आजारातून उठून तो रिसाल्यात परतला होता. चढाईच्या वेळी अंगात साधा निळा कोट आणि डोक्यावर सपाट टोपी होती. म्हणजे त्याच्या डोक्यावर कवटीही नाही आणि खोळही नाही. बुटका बांधा दाखवायला मी मांड्यांपासून दोन मिलिमीटर कापले आणि छातीवर एम-सीलचा पातळ थर चढवला. रिकिबी मात्र आखूड करायला विसरलो होतो. पाय लोंबकळताना दिसले तेव्हा लक्षात आलं. आता केल्या आहेत.

रिसाला पुण्यात आल्यानंतरची हकीकत आपल्याला जवळची आहे. खडकीहून तो महूकडे आणि पुढे मध्य हिंदुस्थानात गेला, तात्या टोपेंच्या पाठलागावर. येवल्यात जन्मलेला हा माणूस त्यांना महिनोन्‌महिने हुलकावणी देत राहिला, तोफा गमावल्या, माणसं गमावली, तरी ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरला. त्याच महिन्यात, १९ तारखेला, सिंदवाहोला सतराव्याचा वीस वर्षांचा लेफ्टनंट एव्हलिन वुड लढला आणि व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन गेला. पुढे तो फील्ड मार्शल झाला. त्याची मूर्ती करायचं सुचवणारे आहेत. मी नाही करणार. त्या पाठलागाचं काही करायचंच तर मला नुसता पाया करायचाय: नर्मदेच्या काठचा ओला चिखल आणि त्यात पलीकडे गेलेल्या टापांचे ठसे. स्वार नको. चिखलासाठी चहाची वाळवलेली भुकटी, तपकिरी रंग आणि चकचकीत वार्निश यांचा एक नमुना करून ठेवलाय, सुकल्यावर तडे गेले. वार्निश दोन हातांत द्यावं लागणार असं दिसतंय.

काम करताना मी एक ध्वनिमुद्रण लावतो. सतराव्याचाच बिगुलवाला मार्टिन लॅनफ्रीड बालाक्लाव्हाला जखमी झाला आणि वाचला. १८९० मध्ये एडिसनच्या यंत्रासमोर उभा राहून आधी त्याने स्वतःचं नाव सांगितलं, मग वॉटर्लूच्या लढाईत वाजलेला एक बिगुल हातात घेऊन चढाईचा इशारा वाजवला. मेणाच्या नळकांड्यावरची ती खरखर, आणि त्या खरखरीतून वर येणारे सूर. कवायतीच्या स्वाराची कवटी मी शेवटी ते ऐकतच रंगवली. चौथ्या प्रयत्नात जमली.

टेबलावर आज असं आहे: कवायतीचा स्वार तुरा सोडून पूर्ण. क्रिमियाचा स्वार पूर्ण, घोड्याचा कुमैत रंग पोटाखाली एक छटा गडद करायचा आहे. मॉरिस प्रायमरवर. त्याच्या टोपीच्या पुढच्या कडेला बारीक सोनेरी रेघ हवी. रविवारी सकाळी उजेड चांगला असतो, तेव्हा तीच आधी.